कॉमिक्सवाल्या वस्तू घरी बनवून विकतेय: किंमत, कॉपीराइट आणि कूलर, तिन्हीकडून अडकलेय

रंगीतखडू
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नागपूरची, मानेवाड्याकडे राहते. बाबांकडे मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे गठ्ठे होते, वेताळ (इंग्रजीतला फँटम), मॅन्ड्रेक, बहादूर सगळे हिरो, ते पस्तीस-चाळीस वर्षं माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पडून होते. दोन वर्षांपूर्वी पेटी खाली काढली तर तळाच्या अर्ध्या अंकांना वाळवी. बाबा काही बोलले नाहीत, तिथेच फरशीवर बसून एकेक अंक उलटून बघत राहिले. रद्दीत द्यायची कोणाची हिंमत होईना म्हणून ज्या पानांच्या कडा गेल्या होत्या पण मधली चौकट शाबूत होती तेवढ्या चौकटी कापून मी एका जुन्या लाकडी ट्रेवर चिकटवल्या, वरून व्हार्निश मारलं. आता तो ट्रे चहाला बाहेर आला की पाहुणा चहा सोडून ट्रे वाचत बसतो. शेजारच्या काकूंनी तसाच मागितला, मग त्यांच्या भाच्याने कोस्टर मागितले, मग त्याच्या ऑफिसातून घड्याळाची ऑर्डर आली आणि हळूहळू हा उद्योगच झाला. सध्या कोस्टर, ट्रे, घड्याळं, चाव्या अडकवायचे स्टँड आणि थोड्या नावाच्या पाट्या बनवते.

आता अडचणी सांगते. सहा कोस्टरचा सेट अडीचशेला देते तरी लोक म्हणतात महाग आहे, आणि माझ्या हातात काय राहतं ते मलाच कळत नाही. दुसरं म्हणजे एका ऑनलाइन बाजारावर मी कोळ्याच्या जाळ्यावाल्या हिरोचं घड्याळ टाकलं होतं (माझं चित्र नाही, प्रिंट मारलेली), ते त्यांनी काढून टाकलंच पण वर खातं तीन आठवडे बंद ठेवलं आणि माझे १,८४० रुपये अडकले. आणि तिसरं, उन्हाळ्यात विकलेल्या कोस्टरच्या कडा फुगून पुरीसारख्या झाल्या, दोन गिऱ्हाइकांनी परत आणून दिले. कोणी या लाइनमध्ये असेल तर सांगा ना.

जुनाठेवा
"कापून" हा शब्द वाचला आणि पुढे वाचवेना. ताई, राग मानू नका, पण मी नागपुरातच महाल भागात राहतो, गेली तीस वर्षं हेच गोळा करतोय. इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं, त्यातले मराठी अंक तर शोधून सापडत नाहीत, लोकांनी वाचून वाचून फाडले नाहीतर रद्दीत घातले. बर्डीवर (सीताबर्डीला) फुटपाथवर जुनी पुस्तकं घेऊन बसतात त्यांच्याकडे पूर्वी आठ-आठ आण्याला मिळायचे, आता महिनोन्‌महिने फिरा, एक अंक दिसत नाही. अशात कोणी कात्री लावली हे ऐकलं की पोटात गोळा येतो.

रंगीतखडू
काका, तुमचं बरोबर आहे, पण मी चांगल्या अंकाला हात लावलेला नाही हो. वाळवीने मधोमध बोगदा केलेलीच पानं घेतली. शाबूत अंक एकोणतीस निघाले ते वेगळे बांधून ठेवलेत, बाबा रोज दुपारी एक वाचतात. मला कॉमिक्समधलं फारसं काही माहीत नाही पण वेताळाचं डेंकालीचं जंगल कुठे आहे ते आता आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहे.

जुनाठेवा
एकोणतीस!! बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि ते अंक पुन्हा माळ्यावर टाकू नका, आपल्याकडे मे महिन्यात माळा म्हणजे भट्टी असते. हे कागद मुळातच हलके, वर्तमानपत्राच्या जातीचे, उन्हाने आणि उष्णतेने पिवळे पडून तुटायला लागतात. खालच्या मजल्यावर, भिंतीपासून जरा लांब, उभे न ठेवता आडवे ठेवा, आणि रबरबँड अजिबात लावू नका, तो वितळून कव्हरला चिकटतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, एकदा नुसतं बघायला येईन म्हणतो.

तर्रीबाज
काका बघाले नाही येऊन राहिले, काका लिस्ट बनवाले येऊन राहिले, ताई सांभाळून 😄

अन् ते कडा फुगाचं मी सांगतो काऊन होते. कूलर. आपल्या इथं एप्रिल लागला का घरोघरी कूलर चालू, खोलीत नुसता ओलावा. तुमचा कोस्टर त्याच हवेत चार महिने बसते, मग फुगीन नाही तर काय होईन. लाकूडफाट्याचं जास्त मले नाही समजत, ते कोणी जाणकार सांगतीन.

सुतारपक्षी
तर्रीबाज बरोबर बोलला, कूलरच. माझं लकडगंजला छोटं वर्कशॉप आहे, रोज हेच बघतो. तुम्ही एमडीएफ वापरत असणार. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदात दाबलेले, वरचा आणि खालचा थर घट्ट असतो पण कापलेली कड म्हणजे उघडं तोंड, स्पंजासारखं पाणी पिते आणि एकदा फुगलं की परत बसत नाही. तुम्ही वरून पाच कोट व्हार्निश मारता आणि कडेला ब्रश नुसता टेकवता, सगळ्यांचं हेच चुकतं.

असं करा. कागद चिकटवायच्या आधी कडेला फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून चोपडा, वाळू द्या, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, मग सँडिंग सीलरचे दोन हात. हात लावून बघा, कड काचेसारखी गुळगुळीत लागली पाहिजे, खरखरीत लागली तर अजून एक हात द्या. खालच्या बाजूलाही तेवढंच करा, लोक खाली नुसतं फेल्ट चिकटवून सोडतात आणि मग पाणी खालून शिरतं. खर्च परवडत असेल तर एचडीएचएमआर बोर्ड घ्या, ओल बरीच कमी धरतो, पण कापायला ब्लेड चांगलं लागतं.

आणि पावसात लॅकर मारू नका. हवेत दमटपणा असला की ते दुधासारखं पांढरट पडतं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ऊन निघालं की तेवढ्या दोन-तीन तासांतच फिनिशिंगचं काम उरकायचं.

रंगीतखडू
बाप रे, कडेला ब्रश नुसता टेकवते हे तुम्हाला कसं कळलं!! अगदी तसंच करते मी.

प्रिंटबद्दल पण विचारायचं होतं. घरच्या प्रिंटरवर काढलेला कागद गोंद लावला की रंग सोडतो, लाल रंग तर सगळीकडे पसरतो.

सुतारपक्षी
तो इंकजेट असणार, त्याची शाई पाण्यात विरघळते. लेझर प्रिंट काढून आणा, ती नाही पसरत. बर्डीवर कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे रंगीत लेझर होतं. इंकजेटच वापरायचं असेल तर आधी कागदावर क्लिअर स्प्रेचे दोन हलके हात मारून पूर्ण वाळवा, मग चिकटवा. बुडबुडे येत असतील तर कागद मधून कडेकडे दाबत न्यायचा, कडेकडून मधे नाही.

खस_ताटी
रेझिन वापरतेस का गं? मी घातलंय त्यात पैसे, म्हणून सांगते. वरून रेझिन ओतलं की काय चकाकतं, फोटोत तर विचारूच नको, पण साधं आर्ट रेझिन पन्नास-साठ डिग्रीला मऊ व्हायला लागतं. गरम चहाचा कप ठेवला की गोल डाग कायमचा. आणि मी गेल्या मे महिन्यात अठरा कोस्टर फुग्यांच्या प्लॅस्टिकात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवले आणि धरमपेठेत दोन तास एका लग्नाच्या पंगतीत बसले. परत येऊन उघडते तर सगळ्यांवर गोल गोल ठिपक्यांचे ठसे, ओळीत, एकसारखे!! रडायला आलं. पण गंमत ऐक, त्यातले सहा माझ्या नणंदेने बघितले आणि म्हणाली, अगं कॉमिक्सवर असतात तसे ठिपके कसे काढलेस गं? मी गप्प बसले. दिले तिला.

तर्रीबाज
😂😂😂 काकू लय भारी.

मुक्काम_कोथरूड
खस_ताटी, ते छापील कॉमिक्समधले ठिपके म्हणजे बेन डे डॉट, तुमच्या डिकीने फुकटात काढून दिले. कमी रंगांत जास्त छटा दाखवायची छापखान्याची युक्ती होती ती, लाल ठिपके पांढऱ्या कागदावर विरळ छापले की लांबून गुलाबी दिसतं.

कलमबंद
आता कॉपीराइटचं. वकील नाही, पण प्रकाशनाच्या धंद्यात बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहितो, मोठी ऑर्डर घ्यायच्या आधी वकिलाला विचाराच.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्रकार-लेखक हयात असेपर्यंत आणि गेल्यानंतर पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं हक्क राहतो. वेताळ १९३६ चा आहे म्हणून "जुना झाला, आता मोकळा" असं पुष्कळ जण म्हणतात, पण त्याचे जनक ली फॉक १९९९ ला गेले, म्हणजे तो अजून मोकळा झालेला नाही. चाचा चौधरी १९७१ चे, त्यांचे जनक प्राण साहेब २०१४ ला गेले, तिथे तर २०७४ संपेपर्यंत हक्क आहे. चाचांचा साथीदार साबू गुरू ग्रहावरचा असला तरी कायदा पृथ्वीवरचाच लागतो.

मिकी माऊसचं नेहमी कोणीतरी काढतंच म्हणून आधीच सांगतो. २०२४ च्या १ जानेवारीला अमेरिकेत मोकळा झाला तो १९२८ च्या फिल्ममधला कृष्णधवल, लांबुळक्या थोबाडाचा मिकी. आजचा रंगीत मिकी नाही, आणि नाव, लोगो यांचा ट्रेडमार्क वेगळा उभाच आहे, त्याला अशी संपायची तारीख नसते, नूतनीकरण करत राहिलं की चालत राहतो.

तुमचं घड्याळ काढलं ते यामुळेच. प्रिंट मारली म्हणजे नवी प्रत केली, आणि प्रत करायचा हक्क तुमच्याकडे नाही.

रंगीतखडू
आणि मूळ पानच चिकटवलं तर? ते तर बाबांनी पैसे देऊन घेतलेलं आहे ना, मी प्रत कुठे केली.

कलमबंद
चांगला प्रश्न. विकत घेतलेला अंक तुम्ही पुन्हा विकू शकता, रद्दीवाला रोज तेच करतो. मूळ पान चिकटवलेला ट्रे त्याच्या बराच जवळ जातो, पण पूर्ण बिनधोक आहे असं मी लिहून देणार नाही. आणि त्या ट्रेची जाहिरात "अमुक हिरो ट्रे" अशी केली, लोगो मोठा दाखवला, तर ट्रेडमार्कवाले येतात. घरात वापरा, भेट द्या, एखाद-दुसरा विका, पण त्यावर धंदा उभा करू नका. तशीही बाबांची पानं किती दिवस पुरणार?

पण एक लक्षात घ्या, शैलीवर कोणाचा हक्क नसतो. चौकटी, बोलण्याचे फुगे, विचारांचे ढग, ठिपके, वेगाच्या रेघा, स्फोटाचा चांदणीसारखा आकार, हे सगळं कोणीही वापरू शकतं. हिरो सोडा, भाषा घ्या.

एकटा_जीव
कशाला एवढी डोकेफोड, लोक ९९ रुपयांत चीनचा माल घेतात, यांचे अडीचशेचे कोस्टर कोण घेणार. छंद म्हणून ठीक आहे.

तर्रीबाज
आलेच. तुमचा हिरो काय म्हणते भाऊ, "मी येईन अन् सगळ्यायचा मूड खराब करीन"?

मुक्काम_कोथरूड
कलमबंद यांनी शेवटी जे लिहिलंय ना त्यावरून सुचलं. इंग्रजी कॉमिक्समधले ते बूम-बॅम-पाव सगळीकडे असतात, टीशर्टवर, मगवर, कंटाळा आलाय. आपल्याकडे आवाजाचे शब्द काय कमी आहेत का! फोडणीचा चुर्रर्र. चहाचा फुर्रर्र. दार धाडकन, भांडं खळ्ळकन, घागर बुडबुड, पापड कुर्रकन मोडतो आणि पाकीट फस्सकन रिकामं होतं. स्वयंपाकघरासाठी सेटच्या सेट होईल. कॉमिक्सच्या अक्षरांत हे कोणी करताना मी तरी पाहिलं नाही.

रंगीतखडू
मुक्काम_कोथरूड, तुम्ही रात्रभर झोपू दिलं नाही मला. सकाळी पाचला उठून "फुर्रर्र" काढला. आधी जमेचना, देवनागरीला ती वरची रेघ असते ना, ती सरळ ठेवली तर शाळेतला फळा वाटतो, आणि काढून टाकली तर वाचता येत नाही. मग रेघ तिरपी केली, डावीकडे जाड आणि उजवीकडे निमुळती, आणि प्रत्येक रफाराला आधीच्यापेक्षा थोडा वर नेला, शेवटचा रफार कोस्टरच्या बाहेर पळतोय असा कडेवर कापला. अक्षर पिवळं, बाहेर काळी जाड रेघ, मागे लाल ठिपके (ठिपके पेनच्या टोपणाच्या मागच्या बाजूने उमटवलेत, डिकी वापरलेली नाही 😁). बाबांनी कप उचलला, खाली बघितलं आणि मुद्दाम मोठ्याने फुर्रर्र केलं. आईला आवडलं नाही.

जुनाठेवा
हे मात्र बेस्ट. कात्री नको, हेच करा. मी सहा घेणार, फुर्रर्र दोन आणि बाकी तुमच्या मनाने.

तर्रीबाज
नागपूरवालं पण करा ना. एका फुग्यात "काऊन बे?" दुसऱ्यात "हाव ना". तर्री ओतणाऱ्या मामाचं चित्र, अन् गिऱ्हाईक म्हणते, "मामा, तर्री अजून!" अन् सांबारवडीचं तर पायजेच. "सांबार टाक ना वं जास्त."

मुक्काम_कोथरूड
सांबार? वडीवर सांबार ओतता तुम्ही??

तर्रीबाज
पाहा, झाला तुमचा पहिला पॅनल तयार. पहिल्या चौकटीत पुण्याचा पाहुणा विचारते हेच, दुसऱ्या चौकटीत अख्खं नागपूर हासून राहिलं आहे, तिसऱ्यात कोथिंबिरीची जुडी म्हणते "मीच ती!" ताई, सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर.

हिशेबनीस
मजेमजेत पैशाचा विषय राहिला. रंगीतखडू, सेटचा खर्च सविस्तर टाका बघू.

रंगीतखडू
एमडीएफचे गोल तुकडे १२ रुपयाला एक, सहाचे ७२. प्रिंट २०. गोंद, सीलर, व्हार्निश मिळून ३० धरते. खोका २५. झाले १४७. विकते २५० ला. मागच्या महिन्यात शंकरनगरला एका हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रदर्शन होतं, तिथे ३१ सेट गेले, मला वाटलं मस्त झालं.

हिशेबनीस
करू या. ३१ सेटचे ७,७५० आले. त्यातून माल ४,५५७ चा. उरले ३,१९३. स्टॉलचं भाडं किती?

रंगीतखडू
२,५०० दोन दिवसांचे. आणि रिक्षा दीडशे दीडशे.

हिशेबनीस
मग ३९३ रुपये राहिले. दोन दिवस उभं राहून, आणि बनवायचे तास अजून धरलेच नाहीत. एक सेट किती वेळात होतो?

रंगीतखडू
सुटा केला तर अडीच तास. पाच सेट एकदम केले तर सहा तासांत होतात कारण वाळायची वाट बघत बसावं लागत नाही.
३९३ वाचून खाली बसले. त्यातले ऐंशी तर पोह्यांवर गेले.

हिशेबनीस
असंच असतं, मन खट्टू करू नका. दोन गोष्टी करा. सुटं बनवणं बंद, पाच-दहा सेटची बॅच करा म्हणजे सेटमागे सव्वा तास पडेल. आणि किंमत मालावरून नाही, वेळ धरून लावा. तासाला तुम्ही स्वतःला शंभर रुपये जरी दिले तरी १४७ आणि १२५ मिळून २७२ झाले, त्यावर भाड्याचा वाटा, खराब होणारा माल, मग जरा नफा, म्हणजे ४२५-४५० च्या खाली देऊच नका. छापील हिरोवाले कोस्टर कोणीही देतो, तिथे तुम्ही चीनशी भांडताय. "फुर्रर्र" फक्त तुमच्याकडे आहे, त्याला ४५० मागा.

कागदपत्रांचं थोडक्यात. वस्तूच विकताय, त्याही महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात, आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत, तर जीएसटी नोंदणीची गरज नाही. ऑनलाइन बाजारांवर विकायला पूर्वी नोंदणी सक्तीचीच होती, १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना जीएसटी पोर्टलवर नुसता एनरोलमेंट नंबर घेऊन राज्यातल्या राज्यात विकता येतं. राज्याबाहेर पाठवायचं ठरवलंत की नियम बदलतात, तेव्हा सीएला विचारा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) करून ठेवा, सरकारी साइटवर पूर्ण फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

खस_ताटी
हिशेबनीस दादा, वाखूसा (वाचनखूण साठवली). घड्याळांच्या कुरिअरचं पण सांगा ना कोणी, माझं ९०० ग्रॅमचं घड्याळ आणि पैसे चार किलोचे घेतले!

हिशेबनीस
ते आकारमानाचं वजन. खाजगी कुरिअरवाले बहुतेक लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये करून ५,००० ने भागतात, आणि खरं वजन व हे यातलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. तुमचा खोका ४० बाय ४० बाय १२ असेल तर १९,२०० भागिले ५,००० म्हणजे ३.८४ किलो. तेच घड्याळ ३४ बाय ३४ बाय ७ च्या खोक्यात बसवलं तर १.६२. हवा पाठवायचे पैसे देताय तुम्ही.

खस_ताटी
हे मला चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं 🙏 पण खोका लहान केला की फुटतं त्याचं काय? एकदा तीन घड्याळं पाठवली, तिन्हीच्या काचा तडकून पोचल्या, आणि कुरिअरवाल्याने "पॅकिंग ढिलं" म्हणून हात वर केले.

सुतारपक्षी
काच लावूच नका. व्हार्निश नीट मारलं तर काचेची गरज नाही. काटे वेगळे काढून पाकिटात द्या, मशीन मागून फिट करून ठेवा, काटे गिऱ्हाईक बसवेल, सोबत एक चित्र द्यायचं कसे बसवायचे त्याचं. कॉमिक्सच्या चौकटीतच काढा ते.

तर्रीबाज
ताई एक आयडिया आली, झोप नाही लागून राहिली म्हणून लिहितो. तान्हा पोळा!! पोरायचे लाकडी नंदी. दरवर्षी तोच पिवळा नाही तर लाल रंग, तेच आरसे अन् गोंडे. तुम्ही कॉमिक्सवाला नंदी करा. पाठीवर ठिपके, गळ्याशी बोलाचा फुगा तारेवर उभा, अन् त्यात "बोजारा काढा!" पोरं दारोदारी नंदी घेऊन फिरतात तर तोंडानं मागाची गरजच नाही, नंदीच मागते.

रंगीतखडू
तर्रीबाज दादा 🙏🙏 सुतारपक्षी दादा, कोरे नंदी मिळतील का तुमच्याकडे?

सुतारपक्षी
सहा इंची देतो करून. चाकं लाकडाचीच ठेवू, प्लॅस्टिकची दोन घरांत निखळतात. फक्त महिनाभर आधी सांगा, पोळ्याच्या तोंडावर सगळेच नंदीच्या मागे असतात, मला फोन उचलायला वेळ नसतो.

मुक्काम_कोथरूड
बाहेरच्यांसाठी जरा सांगा ना, बोजारा म्हणजे?

खस_ताटी
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, मुलं आपापले लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात, त्यांना खाऊ-पैसे देतात तो बोजारा. त्याच दिवशी इकडे काळी आणि पिवळी मारबत निघते, "घेऊन जाऽऽ गे मारबत" म्हणत सगळी रोगराई, इडापिडा गावाबाहेर न्यायची. रंगीतखडू, मारबतीचं पण एक पोस्टर कर, पिवळा-काळा रंग तर कॉमिक्सचाच आहे.

रंगीतखडू
(अडीच महिन्यांनंतर वर काढतेय)

उशिरा लिहितेय, माफ करा, श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

नंदी २४ केले. सुतारपक्षी दादांनी वेळेत दिले, वर एक फुकट दिला "सँपल" म्हणून, तो आमच्या टीव्हीवर आहे. पहिल्या खेपेला फुग्याची तार फार बारीक घेतली, रस्त्यावरून ओढलं की फुगा डुलून मागे वाकायचा, "बोजारा काढा" आभाळाकडे बघून म्हणायचा. मग सायकलच्या स्पोकची तार आणली, ती टिकली. पाठीवर सगळ्यांना "धुडूम धुडूम" लिहिलं होतं पण एका आजोबांनी सांगितलं, नंदी धुडूम करत नाही, घुंगरं वाजतात ना त्याची, मग उरलेल्यांवर "छुन्नक छुन्नक" केलं आणि तेच आधी संपले. ३८० ला एक दिला. २२ गेले, एक भाच्याने ठेवून घेतला, एकाचं शिंग तुटलं.

कोस्टर आता ४५० ला देते. पहिल्या प्रदर्शनात हा आकडा सांगताना मी गिऱ्हाइकाकडे न बघता टेबलाकडे बघत बोलत होते. तीन बायका किंमत ऐकून निघून गेल्या, चौथीने "फुर्रर्र" उचलला आणि काही न विचारता दोन सेट बांधून घेतले, म्हणाली सासऱ्यांसाठी, ते असाच आवाज करतात. दोन दिवसांत १९ सेट गेले, आधीच्या ३१ पेक्षा कमी, पण हिशेबनीस दादा, तुमच्या पद्धतीने वही मांडली तर भाडं, रिक्षा, पोहे सगळं जाऊन २,८७७ हातात राहिले. (माझ्या तासांचे वेगळे काढले तर पाचशे, पण मायनस नाही!) सांबारवाल्या तीन चौकटींचा ट्रे सगळ्यात जास्त फोटो काढून घेतो आणि सगळ्यात कमी विकला जातो, लोक हसतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. त्याचं काय करू ते कळत नाही.

कडा कूलरसमोर ठेवून टेस्ट केल्या, मुद्दाम. सहा आठवडे, जुना एक आणि नवीन एक शेजारी शेजारी, बाहेर पाऊस आणि आत कूलर चालू बघून आई वेड्यात काढत होती. जुना फुगला, नवीन जसाच्या तसा.

हिरोवाली सगळी प्रिंट काढून टाकली दुकानातून. बाबांचा ट्रे विकायचा नाही असं ठरलंय, आणि जुनाठेवा काका तीनदा येऊन गेले, आता ते आणि बाबा दर रविवारी बसतात, मी चहा देऊन देऊन थकते.

जुनाठेवा
चहा उत्तम असतो. बाबांच्या २९ मध्ये एक अंक असा निघाला जो मी अकरा वर्षं शोधत होतो. कव्हर नाही त्याला, वाळवीने खाल्लंय. तरी देत नाहीत.

तर्रीबाज
ट्रेचं सांगतो. ट्रे मोठा पडते, अन् महाग. तेच तीन पॅनल फ्रिजच्या चुंबकावर करा, तीन चुंबकं, पन्नास-साठ रुपयात. फोटो काढणारा घेऊनच जाईन.

मुक्काम_कोथरूड
+१. आणि माझं नाव पहिल्या चौकटीत नको, बाकी चालेल. मला तीन सेट पाठवा पुण्याला, चुंबकंही झाली की. व्यनि करते पत्ता.

एकटा_जीव
नंदी उरला आहे का एखादा? मुलीसाठी.

रंगीतखडू
एकटा_जीव, शिंग तुटलेला एकच आहे, चिकटवून देऊ का? फेव्हिकॉलने बसेल, दिसणार नाही. त्याचे पैसे नकोत.